पट्टी खाली, पंख वर

प्रफुलचं रिमोटवरचं विमान आपटलं, तर फायदा त्याच्या बायकोचाच होता. नवरा-बायकोत ठरलंच होतं तसं: विमान उडालं तर समोरची खोली त्याच्या विमानांची, पडलं तर रेणूच्या शिलाई मशीनची.

सालेकसा गावातल्या खळ्यावर प्रफुलनं रिमोटची दांडी उजवीकडे नेली. उजव्या पंखाच्या मागची पट्टी खाली झाली.

"ज्या अंगाले वळाचं, ते अंग दाबाचं. सायकलवानी!" तो ऐटीत म्हणाला.

रेणूनं गप्प बसायचं, एवढंच काम होतं. पण डोक्यात किडा वळवळला. तिनं धान उपणायचा पंखा लावला आणि विमान वाऱ्यात धरलं.

"का जी, पट्टी खाली केली तं पंख वर काऊन उचलून राहिला?"

"अरे बापा! मी तं उलटंच लावलं."

"म्हणजे उजवीकडे नेलं असतं तं डावीकडे कोलमडलं असतं?"

"सरळ शेतात!"

त्यानं रिमोटमध्ये दिशा उलटवली. आता पट्टी वर गेली आणि पंख वाऱ्यात खाली दबला.

विमान तलावावरून वळसा घेऊन नीट उतरलं. खळ्यावर जमलेल्यांच्या टाळ्या प्रफुलला मिळाल्या, खोलीही त्यालाच. मशीन स्वयंपाकघरात गेली. एका प्रश्नाची किंमत रेणूनं आख्खी खोली देऊन मोजली.