सहा तासांचं बेट

मंजिरीने सकाळपासून चौथ्यांदा वाऱ्याचा अंदाज पाहिला. बोटीचा दिवस अजून अठरा दिवस लांब होता, पण तिला चैन पडेल तर शपथ. लंडनच्या पिनर भागातल्या घरी, स्वयंपाकघरात ती लॅपटॉपसमोर बसायची, उठायची, आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसायची.

दर ऑगस्टमध्ये ती आणि तिचा नवरा अंबरीश, शार्दूल-देविका या मित्र-जोडप्याबरोबर सुट्टीला जात. यंदा ग्रीसमधलं नॅक्सॉस ठरलं होतं. त्यातला एक दिवस मात्र मंजिरीने दोघांसाठीच राखला होता. जवळच्या एका चिमुकल्या बेटावर बोट सकाळी दहाला सोडणार आणि चारला न्यायला येणार. मधले सहा तास ना दुकान, ना नेटवर्क. तिला नेमकं हेच हवं होतं. मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलने तिला कन्सल्टंट डॉक्टरची जागा देऊ केली होती, ऑगस्टअखेर उत्तर द्यायचं होतं, आणि आपला नवरा बरोबर येणार की नाही हेच तिला ठाऊक नव्हतं. विषय निघतोय असं दिसलं की अंबरीशला बागेतलं गवत वाढल्याचं आठवायचं. बेटावर गवत कापायचं मशीन नसणार, एवढा विचार तिने करून ठेवला होता.

वेबसाइटने दोन सीट्स दहा मिनिटांपुरत्या धरून ठेवल्या. ती कार्ड शोधत होती, तेवढ्यात देविकाचा फोन आला. आमच्याही दोन घे, म्हणाली.

आदल्या दिवशी त्यांच्याकडे जेवताना अंबरीश ‘तुम्हीही चला की’ म्हणाला होता, ते मंजिरीने ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. आपल्यात असं म्हणायचंच असतं. समोरच्यानेही ‘नको, तुम्ही दोघं जाऊन या’ म्हणायचं असतं, आणि देविका तसं म्हणालीही होती.

“अगं, आम्ही नकोच म्हणत होतो,” देविका फोनवर सांगत होती. “पण निघताना दारात तो परत म्हणाला. आज सकाळी शार्दूलला फोनही केला. तीनदा आग्रह केल्यावर नाही कसं म्हणायचं, तूच सांग.”

मंजिरीने कसाबसा फोन ठेवला. एकदा म्हणणं ही रीत झाली. तीनदा म्हणजे मनापासून. आपल्याबरोबर एकट्याने एक दिवस काढणंही या माणसाला नको झालंय, हे तिला फार लागलं. स्क्रीनवर चार मिनिटं उरली होती.

अंबरीश सिंकपाशी कप विसळत होता. त्यांना तीन-तीनदा का बोलावलंस, असं तिने सरळच विचारलं. त्याने विसळलेलाच कप पुन्हा नळाखाली धरला.

“तू बेटावर सांगणार होतीस, मँचेस्टरला एकटी जाते म्हणून,” तो म्हणाला. “मग चारच्या बोटीपर्यंत मी काय करायचं होतं?”

“एकटी? मी तुला विचारलं होतं, येशील का म्हणून.”

“मार्चमध्ये. कार पार्क करताना. मी बघू म्हणालो, आणि तू पुन्हा कधी विचारलंच नाहीस.” त्याने नळ बंद केला. “मला वाटलं, विचारायचं म्हणून विचारलंस.”

मंजिरी थक्क झाली. पाहुण्याला दुसरी पोळी वाढताना जे तिला न सांगता कळायचं, ते घरच्या माणसाच्या बाबतीत इतके महिने सुचलं नव्हतं. तिला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. स्क्रीनवरची वेळ संपून दोन्ही सीट्स निघून गेल्या, तिकडे तिचं लक्षही गेलं नाही.

“येशील मँचेस्टरला?” तिने विचारलं.

“बघू,” तो म्हणाला.

ती उठून त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

“ये ना. मला तू तिथे हवायस.”

अंबरीशने कप पुसून जागेवर ठेवला आणि फडकं घडी घालून वाळत टाकलं.

“त्या हॉस्पिटलच्या दारापर्यंत ट्रॅम जाते का गं?” त्याने विचारलं.