चुकीच्या मनगटावरचे आठ दिवस

मित्रांनो, मला घड्याळ म्हटलेले मुळीच खपत नाही. मी एक जुना मनगटी पट्टा आहे. किती वाजले ते मला सांगता येत नाही. पण नाडीचे ठोके आणि कातडीवरचा घाम मोजून मी माणसाच्या जिवाची घालमेल ओळखतो. आहे की नाही कमाल?

कारखान्यातून निघालो तेव्हा मी नुसता उतावीळ झालो होतो. एका संस्थेने मला ताईंच्या घरी पाठवले. ताईंचे वडील, म्हणजे अण्णा, पूर्वी शिंपीकाम करत. आता त्यांना स्मृतिभ्रंश झाला होता आणि ताई एकट्याच त्यांचे सगळे करत. ताईंवर फार ताण आहे असे मी दाखवले, तर संस्था रोज दुपारी एक मदतनीस पाठवणार होती. एवढे मोठे काम आणि तेही माझ्या पहिल्याच नेमणुकीत!

आठ दिवसांनी संस्थेच्या बाई आल्या.

"ताई, पट्ट्याच्या आकड्यांवरून तुम्ही तर अगदी निवांत दिसताय. अशाने मदतनीस मिळायची नाही हो."

"मी?" ताई गोंधळल्या. "पण पट्टा अण्णांच्या हातात आहे. आजारी तेच आहेत ना?"

म्हणजे आठ दिवस मी चुकीच्या मनगटावर होतो! घरात काही नवे आले की ते आधी अण्णांना द्यायचे, ही ताईंची सवय. अण्णा खिडकीशी बसून कापडाच्या घड्या घालत होते आणि मी त्यांचीच शांत नाडी मोजत होतो.

बाईंनी मला ताईंच्या मनगटावर बांधले. थोड्याच वेळात अण्णांनी मान वर करून ताईंकडे पाहिले.

"बाई, माझी मुलगी कधी येणार हो?"

"येईल हं इतक्यात. तुम्ही चहा घ्या आधी," ताई हसून म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात जरासुद्धा कंप नव्हता. मी मात्र एकशे अठरा ठोके मोजले! बाईंनी आकडा पाहिला आणि अर्ज भरायला घेतला.

मदतनीस आली त्या दुपारी ताई दोन तास गाढ झोपल्या. ठोके बासष्टवर उतरले, तेव्हा आनंदाने मला नाचावेसे वाटले. आता माझी पट्टी तडकली आहे आणि माझी जागा नव्या पट्ट्यांनी घेतली आहे. त्याचे थोडे वाईट वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी आजारी असेल, तर त्याचे करणाऱ्या व्यक्तीजवळही बसा. "तू कशी आहेस?" असे विचारा. ती "मी बरी आहे" म्हणाली, तरी लगेच उठू नका.