मठाच्या दारातली हाळी

मी राहीबाई, मठात भाकरी थापणारी. म्हसवडच्या अलीकडं आमचं गाव. गाव कसलं, आधी मठच! दुर्गादेवीच्या दुष्काळात पयल्या महाराजांनी हितं चूल मांडली, भाकरीच्या वासानं आलेली माणसं हितंच ऱ्हायली, त्येंचं गाव झालं. तवापास्नंची रीत हाय. दुपारी मठाच्या बाबानं दारात हुबं ऱ्हाऊन हाळी द्यायची, "कुणी उपाशी हाय का गाऽ?" कुणी 'व्हय' म्हणलं तर ताट त्याचं. कुणीच बोललं न्हाई तरच बाबानं जेवायचं.

किती पिढ्या ही रीत चालली, आन मग बहात्तरचा दुष्काळ आला. कोठारातनं रोज एका ताटापुरतं पीठ निघायचं. बाबा हाळी द्यायचा, दारातनं धा जण 'व्हय' म्हणायचे. ताट वाटून जायचं, बाबा पाणी पिऊन आडवा व्हायचा. मी लय भांडले. "आवं बाबा, मरशिला! निदान हाळी तरी हळू द्या!" त्यो नुसता हसायचा. येक दिस हाळी देतादेताच उंबऱ्यावर कोसळला.

त्या सांजंला धोंडीबातात्यानं माणसं पारावर गोळा केली. तात्याला मागंफुडं कुणी न्हवतं. म्हातारा म्हणून खडी फोडायच्या सरकारी दुष्काळी कामावर घेत न्हवते, मठाच्या घासावरच जगत व्हता. त्योच म्हणाला, "उद्यापास्नं कुणी 'व्हय' म्हणायचं न्हाई. बाबाच गेला तर हाळी कोण दील?" बाकीच्यांना कामावर सुकडी तरी खायाला मिळायची. समद्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिशी हाळी झाली. चिडीचूप! बाबाचा चेहरा असा फुलला, काय सांगू. "राहीबाई, समदी जेवली गं!" म्हणत जेवाय बसला. मी पदराखाली अर्धी भाकर घिऊन तात्याकडं गेले. "हाळीला बोललो न्हाई, मग ही माझी कशी?" म्हणून त्यानं माघारी लावली. रोज तसंच. असला हट्टी म्हातारा!

आन येका दुपारी त्यो दाराबाहेरच्या लिंबाखाली बसल्याजागी गेला. हाळीला तोंडातनं 'व्हय' निघू नये म्हणून पटक्याचा सोगा तोंडात कोंबलेला. बाबानं त्यो सोगा वढून काढला, तवा त्याला समदं कळलं. तात्याचं डोकं मांडीवर घिऊन बाबा लेकरावानी रडला. मीबी रडले.

आता पाऊस झालाय, जुंधळा आलाय, कोठार भरलंय. बाबा हाळी देतो. कुणी बोलत न्हाई, कारण खरंच समदी जेवल्यात. पर त्यो ताट तसंच ठिवून घरोघरच्या चुली बघत फिरतो, जेवाण गार हुतं. मी वरडते, "आवं, जेवा की! कुणी उपाशी न्हाई, ऐका, कुणीतरी बोलतंय का?"

त्यो लिंबाकडं बघतो आन म्हणतो, "तवाबी असंच गप व्हतं, राहीबाई."