पांढऱ्यावरचं झाड

ठमाबाईचा सगळा जन्म कोलशेतच्या मिठागरात गेला. जिथं पांढरं पसरलं तिथं गवताची काडीही उगवत नाही, यावर ती कुणाशीही कडाकडा भांडली असती.

आज नात ऋतिकाने हिमाचलातल्या रोपवाटिकेतून व्हिडिओ कॉल लावला. मोबाइलवर जिकडेतिकडे पांढरंशुभ्र, आणि मधोमध लालभडक फुललेलं ऱ्होडोडेंड्रॉनचं झाड.

"अगो, मिठावर झाड?"

"आजी, बर्फ आहे तो! मीच लावलंय हे. कडाक्याची थंडी सोसल्याशिवाय याची कळी उमलतच नाही."

ठमाबाईने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मिठानं चिरलेलं बोट तिनं जपून त्या फुलावर टेकवलं.

"चाळीस वर्षं पांढऱ्यात उभी राहिले गो," ती पुटपुटली. "फूल आज बघतेय."