पाठ केलेला तक्ता

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या आमच्या खोलीत दोन ट्रे असत. एकात औषध भरलेली सिरिंज, दुसऱ्यात रिकामी, सुई नसलेली. डोळ्याच्या पडद्यावरच्या सुजेसाठी नवं औषध तपासलं जात होतं, आणि ते खरंच चालतं का हे कळायला निम्म्या लोकांच्या डोळ्यावर नुसतं सिरिंजचं टोक दाबायचं, अशी रीत. सही घेताना हे सगळ्यांना सांगितलेलं असे; फक्त आपल्या वाट्याला काय आलं ते कळू द्यायचं नाही. ठाऊक असलेली माणसं दोनच, टोचणारे डॉक्टर आणि त्यांच्या हाताशी ट्रे धरणारी मी. शेजारच्या खोलीत नजर तपासायला अक्षरांचा तक्ता वाचून घेणाऱ्या मुलीलाही पत्ता नसे.

मी रोज सकाळी देवापुढे दोन गोष्टी घोकते. खोटं बोलणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही. या कामात पहिली गोष्ट गप्प राहून सांभाळता येते.

मुद्रितशोधक असलेल्या एका म्हाताऱ्यांना आम्ही काका म्हणायचो. चाळीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस. डावा डोळा आधीच गेलेला, उजव्यावर सगळी भिस्त. त्यांच्या वाट्याला रिकामा ट्रे आला होता. डोळा बधिर केलेला, त्यामुळे दाब तेवढा कळायचा. डॉक्टरांचा हात भलताच हलका आहे, असं ते दर वेळी म्हणायचे, आणि मी पट्टी नीट करत राहायची.

नियम असा, की पहिल्या तपासणीपेक्षा तक्त्यावरची दहा अक्षरं कमी वाचली की रिकाम्या ट्रेच्या माणसालाही खरं औषध सुरू. पडद्याचे फोटो दूरच्या केंद्रात जात; इथला निर्णय अक्षरांवरच. काकांची अक्षरं कमीच होईनात. चौथ्या महिन्यात उलट दोन वाढली. मी मनोमन देवाचे आभार मानले.

पाचव्या महिन्यात त्यांच्या सुनेने मला बाजूला घेतलं. कुणाला सांगायचं नाही असा आधी शब्द घेतला, मग हसत म्हणाली, "बाबांनी तक्ता पाठ केलाय. दर वेळी तोच तर असतो. आंघोळ करताना पोरं पाढे म्हणतात तसा म्हणतात. अक्षरं कमी भरली तर घरी पाठवतील, अशी धास्ती घेतलीय त्यांनी."

कमी भरली असती तरच औषध मिळालं असतं. पण त्यांना ते मिळत नाही, हे सांगायची मला बंदी. आणि जे सांगता आलं असतं त्यावर मी शब्द देऊन बसले होते. दिसेल तेवढंच वाचायला सांगा, एवढंच मी म्हणाले. सून म्हणाली, ऐकतील तर ते बाबा कसले.

महिनाभर मी देवाला विचारत होते. विचारायचं होतं डॉक्टरांना.

सहाव्या महिन्यात काका सुनेचा खांदा धरून आले आणि खुर्चीच्या कडेवरून घसरता घसरता वाचले. तक्ता मात्र फाडफाड म्हटला. मी त्यांच्या हातात पट्टीचं पाकीट दिलं, काय छापलंय विचारलं. त्यांनी ते उलटं धरलं, बराच वेळ न्याहाळलं.

"छपाई खराब आहे," म्हणाले.

मी उठले आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. तक्ता बदलला. काकांनी अकरा अक्षरं वाचली, तीही चाचपडत. पडद्यावर वण धरला होता. डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी कळतं तर थोडं वाचलं असतं. मला ठाऊक होतं, असं मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि भरलेला ट्रे आणायला लावला.

टोचून झाल्यावर काका बराच वेळ निजून राहिले.

"सिस्टर, काळे ठिपके तरंगतायत. बाहेर बाकावरचे पेशंट टोचल्यावर सांगतात तसे. खरं औषध आज पहिलंच का?"

मी ट्रे झाकून ठेवला.

"चाळीस वर्षांत एवढी मोठी चूक माझ्या हातून सुटली नव्हती."

तेवढं मात्र मला ऐकवेना. तक्ता पाठ केल्याचं मला महिन्यापूर्वीच कळलं होतं, असं मी सांगून टाकलं.

"मग बोलला का नाहीत?"

"शब्द दिला होता."

"कुणाला?"

सून दारातच उभी होती, तोंडावर पदर दाबून. काकांना ती दिसत नव्हती. मी तिच्याकडे पाहिलं नाही आणि पट्टी बांधायला घेतली.