मागच्या अंगणातलं राज्य

आमचे हे, म्हणजे दत्तप्रसाद, दुबईजवळच्या रास अल खैमाच्या एका टाइल्स कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर आणि इथल्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष. दोन्हीकडे सारखाच हुकूम सोडतात, फक्त कारखान्यात त्याचा पगार मिळतो. नव्याण्णव साली भट्टीची मशिनरी बघायला चीनला गेले आणि एक कल्पना घेऊन आले. तिथे म्हणे अल्पसंख्य जमातींना स्वायत्त प्रदेश देतात. देश एकच, सरकार एकच, पण ज्याची त्याची भाषा आणि ज्याचे त्याचे नाच.

"आणि शेवटचा शब्द कोणाचा?" मी विचारलं.

"तो केंद्राचा," हे म्हणाले. चेहरा असा खुलला की मला तेव्हाच धास्ती वाटली.

कारखान्याच्या कामगार कॅम्पात गुहागरकडची बरीच मुलं राहायची. त्यातल्या केरूचं मंडळाकडे एकच मागणं होतं. गणपतीत गावी जायला त्याला कधी सुट्टी मिळाली नव्हती, आता व्हिसा संपून तो कायमचा परत चालला होता. जायच्या आधी एकदा इथल्या बाप्पापुढे गावची जाखडी नाचायची होती.

एवढ्याने समितीला घाम फुटला. मंडळाचा गणपती बसतो त्या व्हिलातल्या हॉलच्या कार्पेटवर घुंगरू? फॅशन शोच्या आधी की नंतर? खजिनदार राजाभाऊ स्वतः चिपळूणचे, आणि सगळ्यात जास्त नाक मुरडलं ते त्यांनीच. नाही म्हणायची तर हिंमत नव्हती, सगळे पडले सुसंस्कृत.

मग ह्यांनी चीन बाहेर काढला. मंडळाचा 'स्वायत्त कोकण विभाग' स्थापन झाला, केरू त्याचा प्रमुख, आणि प्रदेश म्हणून व्हिलाचं मागचं अंगण.

"तिथे तुमचंच राज्य," हे सगळ्यांसमोर म्हणाले. "तुमच्या परवानगीशिवाय आम्हीसुद्धा पाऊल टाकणार नाही."

"पर साहेब, बाप्पा तर आत."

"बाप्पा हा केंद्राचा विषय आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला लाज वाटली. एकदा बसवलेली मूर्ती विसर्जनापर्यंत जागची हलवत नाहीत, हे काय ह्यांना ठाऊक नव्हतं?

विसर्जनाच्या दिवशी आत एसीत फॅशन शो रंगला. बाहेर सप्टेंबरच्या उकाड्यात केरू आणि कॅम्पातली मुलं कमरेला शेले बांधून ताटकळत उभी. निदान बाप्पा दिसावा म्हणून मी मागचं दार उघडायची आणि राजाभाऊ "वहिनी, एसी जातोय" म्हणत लावून टाकायचे. मी उघडायची, ते लावायचे. त्या माणसाला दारातच चेंगरावं असं मला मनापासून वाटलं.

उत्तरपूजा झाली. ह्यांनी मूर्ती उचलली, सगळे "पुढच्या वर्षी लवकर या" ओरडत निघाले आणि मागच्या दारात अडले. समुद्रावर जायची सोय नव्हती, म्हणून आमच्या गणपतीचं दरवर्षी टबात विसर्जन व्हायचं. टब नळाशी आणि नळ मागच्या अंगणात. स्वायत्ततेचे नियम आठवडाभर घोटणाऱ्या अध्यक्षांना टब कुठे असतो तेवढं आठवलं नव्हतं.

केरू हात जोडून वाटेत उभा राहिला. "साहेब, ह्यो आमचा विभाग. बाप्पाला जरा नाच दाखवतो, मग परवानगी देतो."

"यल्ला, चला, बाजूला व्हा रे," राजाभाऊ खेकसले.

"बट डॅड, यू सेड इट्स देअर्स," आमची मैथिली म्हणाली. सगळ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं.

ढोलकी सुरू झाली. वाटेत मूर्ती खाली ठेवायची नाही ही आपली रीत, त्यामुळे अध्यक्ष रेशमी झब्ब्यात मूर्ती छातीशी धरून उभे. मुलं गोल फिरत होती, घुंगरं छणछणत होती. केरू बाप्पाकडे बघत नाचत होता आणि उघड रडत होता. मीही रडले. मग घामाने निथळणाऱ्या नवऱ्याकडे बघून पोटभर हसले.

दुसऱ्या दिवशी हे नाश्त्याला बसले आणि स्वायत्तता रद्द केल्याचं सांगून टाकलं.

"का? त्यांनी काय केलं?"

"त्यांनी ती खरंच वापरली," हे म्हणाले.