राज्यं संपेपर्यंत

तिसरी खुंटी वाकडी गेली. प्रफुलने ती उपटली, दगड पुन्हा उचलला आणि या खेपेला नजर खुंटीवरच ठेवायची असं मनाशी ठरवलं. पण ऐन वेळी नजर जंगलाकडे वळली आणि दगड अंगठ्यावर बसला.

"सायेब, खुंटी इथी आहे," वावराची मालकीण देवकाबाई म्हणाली. "तिकडं नाई."

कमरेएवढ्या धानात पाच-सहा बायका विळे घेऊन उभ्या होत्या. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, कोतवाल रामाजी तेलाचा रिकामा डबा आणि काठी घेऊन बसला होता आणि थोड्या थोड्या वेळाने डबा बडवत होता. डब्याचा आवाज जंगलात जायचा आणि तिकडेच राहायचा.

प्रफुल सावली तालुक्यात कृषी सहायक होऊन सहा महिनेही झाले नव्हते. तो वरोऱ्याचा, कापूस-सोयाबीनच्या उघड्या रानातला. तिकडे माणसाला माणूस दूरवरून दिसतो. आई रोज फोनवर विचारायची, "तिकडं वाघ हायेत काय रे?" हा म्हणायचा, "वाघ ताडोबात असते आई." आई भोळी नव्हती, पण ती पुढे विचारायची नाही.

आजचं काम पीक कापणी प्रयोगाचं. गावातलं एक वावर आणि त्या वावरातला एक चौकोन संगणकाने चिठ्ठीसारख्या काढलेल्या आकड्यावरून ठरतो. तेवढा चौकोन कापायचा, झोडायचा आणि धान तोलायचं. त्या वजनावरून गावाचं पीक ठरतं, गावांवरून तालुक्याचं, मग जिल्ह्याचं, मग राज्याचं. शेवटी दिल्लीत कोणीतरी सगळी राज्यं पोरांसारखी ओळीत उभी करतो आणि कोण उंच, कोण बुटकं ते सांगतो. पूर्वी आकडा कुठलाही निघो, चौकोन आपोआप रस्त्याकडेच्या बांधीत, धानाच्या खाचरात, येऊन पडायचा. इकडच्या आकड्यांनाही जिवाची भीती होती. आता मोबाइल उभं राहिल्या जागेचा फोटो घेतो आणि जागा स्वतःच नोंदवतो. यंदाचा आकडा देवकाबाईच्या शेवटच्या बांधीवर पडला होता. तिच्या धुऱ्यापलीकडे मोहाची चार झाडं होती आणि त्यांच्यामागे लगेच जंगल.

पोळ्याच्या आठवड्यात त्याच मोहाखालून गुराखी पत्रू गेला होता. काठी आणि एक चप्पल मिळाली. तेव्हापासून या बांधीत दुप्पट मजुरीवरही कोणी पाऊल टाकलं नाही. धान पिकून वाकलं होतं. घरी देवकाबाईचा नवरा उमाजी कंबर मोडून खाटेवर पडलेला, नातवंडं दोन. वर्षाचा भात होता तो. आणखी आठ-दहा दिवस उभा राहिला असता तर आडवा झाला असता, आणि आडवं धान रानडुकरांचं, हा इथला न लिहिलेला सातबारा. एवढ्यात सरकारच चौकोन कापायला येतं म्हटल्यावर तिने शेजारणी गोळा केल्या. सरकारी माणसासोबत जायला त्या तयार झाल्या. एका चौकोनाला सहा विळे लागत नाहीत, हे प्रफुललाही कळत होतं. पण माणसं जास्त आहेत तेवढं बरंच, असा त्याचाही हिशेब होता.

दोरी बांधून झाली, फोटो निघाले. बायका खाली बसल्या आणि विळे चालू झाले.

चौकोन निम्मा कापून झाला असेल. देवकाबाईचा विळा थांबला. डाव्या मुठीत धानाची कडपी तशीच धरून ती जरा वेळ बसून राहिली. मग कडपी खाली ठेवली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "सायेब, तुमी गप काऊन झाले?"

"काय बोलू बाई?"

"मघा सांगून राह्यले होते ना, आपलं धान कुठं कुठं जाऊन मोजतेत ते. सांगा ना. पोरींले बी समजू द्या."

रामाजीने डबा बडवायला काठी उचलली.

"डबा नको वाजवू रामाजीभाऊ. सायेबाचं ऐकू येत नाई."

रामाजीने तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. त्याने काठी डब्यावर अलगद आडवी ठेवली, तान्ह्या पोराला निजवावं तशी.

ऐकणारं मिळालं की नोकरदार माणूस फुलतो, आणि घाबरलेला जास्तच फुलतो. प्रफुलने स्पर्धा परीक्षांसाठी तीन वर्षं राज्यं घोकली होती. परीक्षेला ती कामी आली नव्हती.

"तर पंजाब," तो म्हणाला. "एका हेक्टरात धान काढाचं तर पंजाबचा हात कोणी धरत नाई. पाणी कालव्याचं, जमीन सपाट."

"अन् धुऱ्यावर वाघ नाई," अंजनाबाई खाली मान घालूनच म्हणाली. ती शेजारच्या वावराची.

"मोठ्यानं सांगा," देवकाबाई म्हणाली. "तिकडच्या बायांले ऐकू नाई जात. अन् भाग्यश्री, तू इकडून काप. जंगलाची बाजू मोकळी राहू दे."

सून उठली, सासूच्या अलीकडे येऊन बसली. बाकीच्याही थोड्या थोड्या सरकल्या. आता साऱ्यांच्या पाठी गावाकडे होत्या आणि तोंडं जंगलाकडे. प्रफुलला वाटलं, ऊन टाळत असतील.

पंजाबनंतर त्याने हरियाणा घेतला, मग आंध्र आणि तेलंगण. बंगालचं एकूण धान उदंड, पण खाणारी तोंडंही तेवढीच, हे सांगितलं. आवाज मोठा ठेवला की भीती कमी वाटते, हे त्याला मधेच उमगलं.

चौकोन संपला. भाग्यश्रीने त्याच्या पेंढ्या दोरीने वेगळ्या बांधल्या. विळे मात्र थांबले नाहीत. दोरीच्या बाहेरचं धान पडू लागलं.

"बाई, आपलं झालं."

"तुमचं झालं. तुमी व्हा पुढं, आमी येतो."

प्रफुलने वाटेकडे पाहिलं. गावाकडे जायला एकच धुरा होता. एका अंगाला बोडीचं, लहान तळ्याचं पाणी, दुसऱ्या अंगाला माणसापेक्षा उंच गवत. गवत हलत होतं. वारा होता की नव्हता हे त्याला ठरवता येईना.

"थांबतो," तो म्हणाला. "घाई नाई."

"मंग बोला."

धानाची राज्यं संपली होती. तो पैशाकडे वळला. "सारं मिळून किती पिकते, किती कारखान्यातून निघते, किती दुकानातून, असं जोडलं तर आपला महाराष्ट्र देशात पहिला."

"हो का," देवकाबाई म्हणाली. विळा भराभर चालत होता. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला होता, पण ती पुसत नव्हती.

"पण माणशी वाटून पाहिलं तर गोवा पुढं, सिक्कीम पुढं. बिहार साऱ्यात मागं."

"अन् आमी?"

"आता तेच. महाराष्ट्र पहिला तो मुंबई-पुण्याच्या जोरावर. चंद्रपूरलेही कोळसा आहे, वीज आहे, सिमेंट आहे, त्यानं आकडा फुगते. नदीपलीकडं गडचिरोली पाहिली तर खालच्या ओळीत."

"म्हंजे कोळसा धरून आमी शिरीमंत."

"कागदावर."

"कागदावर तर कागदावर. थांबू नका सायेब."

तिच्या आवाजात आता मघाचा साधेपणा नव्हता. बाकीच्या बायका तर बोलायच्याच थांबल्या होत्या. एवढ्या बायका एकत्र कापतात आणि गाणं नाही, कुचाळकी नाही, कोणाच्या सुनेचं नाव निघत नाही. प्रफुलने असं कधी पाहिलं नव्हतं. बोडीवरचे बगळे केव्हा उडून गेले तेही त्याला आठवेना. नाकाला एक उग्र वास आला, भिजलेल्या घोंगडीसारखा. तो कसला ते आठवण्याच्या नादात ओडिशा अर्धाच राहिला.

"ओडिशाचं काय म्हणत होते?" रामाजीने विचारलं. काठी पुन्हा त्याच्या हातात आली होती, पण डब्यापासून लांब.

प्रफुलने ओडिशा पुरा केला. छत्तीसगड घेतलं, झारखंड घेतलं. राजस्थानात धान फारसं नसतं म्हणून बाजरी सांगितली. राज्यं संपत आल्यावर त्याला जास्तच भीती वाटू लागली. का, ते कळेना. गुजरात त्याने लांबवलं. तमिळनाडूत आठवतील तेवढे जिल्हे मोजले.

बांधीच्या टोकाला, मोहाच्या बाजूने, एक तुकडा तेवढा उभा राहिला. प्रयोगाच्या चौकोनाएवढाच असेल. तीन बाजू कापलेल्या, चौथी जंगलाकडे मोकळी.

देवकाबाई उठली. विळा कमरेला खोसला.

"बस. एवढं राहू द्या. भारे उचला. सायेब मधात चाला, अन् बोलणं चालू ठेवा. पळाचं नाई."

"कोण पळते," प्रफुल म्हणाला आणि कर्नाटक सुरू केलं. डोक्यावर भारे घेतलेल्या बायका ओळीने धुऱ्यावरून निघाल्या. देवकाबाई सर्वांत मागे होती आणि कितीतरी वेळ उलट्या पावलांनी चालत होती.

मळणी वावरातच करायची असा नियम आहे. नियम करणाऱ्याने ही बांधी पाहिली नव्हती. चौकोनाच्या पेंढ्या देवकाबाईच्या अंगणात ताडपत्रीवर झोडल्या, धान काट्यावर चढलं. वजन चांगलं भरलं.

"पंजाबच्या जवळपास गेलं काय?" रामाजीने विचारलं.

"कुठं पंजाब," प्रफुल हसला. अंगणात बसल्यावर त्याला हसता येत होतं. आतून उमाजी खाटेवरून विचारत होता, "किती आलं व, सारं आलं काय?" आणि भाग्यश्री त्याला भारे मोजून सांगत होती. मग तिने काळा चहा आणून दिला.

"बाई," कप हातात घेत प्रफुल म्हणाला, "तेवढा तुकडा काऊन सोडला? अर्ध्या घंट्याचं तर काम होतं."

देवकाबाई पदराने मानेवरचं धानाचं कूस झटकत होती.

"सारंच आपलं नसते सायेब. तिची पोट्टी लहान आहेत."

"कोणाची?"

अंजनाबाईने ताडपत्रीवरचे सांडलेले दाणे एकेक करून वेचायला घेतले. रामाजी डब्याच्या बुडाकडे पाहत राहिला.

प्रफुलने कप खाली ठेवला.

"कवापासून बसली होती त्या धानात?"

"तुमी पंजाब काढला ना," देवकाबाई म्हणाली, "तवापासून."

"अन् मले सांगितलं नाई."

"सांगितलं असतं तर तुमी पळाले असते. पळणाऱ्याच्या मागं ते येते. डब्यानं बिथरते. माणूस बसल्या जागी बोलत राह्यला तर ते बी बसून राहते." तिने भाऱ्यांकडे पाहिलं. "अन् धान बी राह्यलं असतं तिथीच."

यातलं कुठलं कारण पहिलं, हे त्याने विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

अंजनाबाई दाण्यांची ओंजळ घेऊन पुढे आली. ओंजळ धानाच्या ढिगात सोडली आणि तिथेच उभी राहिली.

"सायेब, माझी बी एक बांधी तिकडंच आहे. मोहाच्या अंगानं. उद्या येसाल काय? कापाचं-मोजाचं काई नाई. धुऱ्यावर खुर्ची ठेवतो तुमच्यासाठी."

उमाजीची खाट आत एकदा करकरली. प्रफुलने फाटकाबाहेर उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे पाहिलं, मग ठेचलेल्या अंगठ्याकडे.

"केरळ राह्यलं आहे," तो म्हणाला. "अन् ईशान्येकडची सारी."

आवाज अजून वावरातलाच होता, मोठा.